कॅम्पिंगची करवत: पैसे दातांना आणि सांध्याला मोजा

घडीची करवत घ्यायची असेल, तर आधी तालुक्याच्या गावातल्या कृषी सेवा केंद्रात चक्कर मारा. ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान त्यानंतर, आणि फोटो पाहून घरपोच मागवण्याचा विचार सगळ्यात शेवटी. तंबूशेजारची वाळकी फांदी कापणं आणि बागेतली फांदी छाटणं ही करवतीच्या दृष्टीने जवळजवळ सारखीच कामं आहेत. डाळिंब, चिकू, पेरू, आंबा यांच्या बागा असलेल्या भागात ‘फोल्डिंग सॉ’ किंवा ‘प्रुनिंग सॉ’ या नावाने ही करवत विकली जाते. घेणारा ती छाटणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत वापरतो आणि वाईट निघाली तर दुकानदाराच्या पुढ्यात आणून टाकतो. त्यामुळे अशा दुकानात टिकलेला माल बहुधा कामाचा असतो. त्याच जातीच्या करवतीवर ‘सर्व्हायव्हल’ किंवा ‘टॅक्टिकल’ असा शब्द छापला, मुठीला लष्करी रंग दिला आणि सोबत चकमक, शिटी, होकायंत्र जोडलं की किंमत चढते. तिचे दात मात्र त्याने सुधारत नाहीत.

पण दुकानात जाण्याआधी एक गोष्ट स्वतःला विचारायला हवी: ही करवत मी नेमकी कुठे वापरणार आहे? या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं तर काही वाचकांचे पैसे इथेच वाचतील.

आपल्याकडे गडावर किंवा घाटमाथ्यावर मुक्कामाला जाणाऱ्यांची बरीचशी वाट वनखात्याच्या जमिनीतून जाते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात झाड तोडणं, फांद्या छाटणं आणि विस्तव पेटवणं हा गुन्हा आहे. अभयारण्यात नियम आणखी कडक आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ तिथे परवानगीशिवाय कुठलीही वनसंपत्ती उचलायला मनाई करतो आणि आग लावायला तर स्वतंत्र कलमाने बंदी घालतो. हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचा परिसर, भीमाशंकर, कोयना, चांदोली, राधानगरी ही आपल्या आवडीची ठिकाणं अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात येतात किंवा त्यांना लागून आहेत. तिथे पाठपिशवीत करवत नेण्याचं काही कारणच नाही. गॅसची छोटी शेगडी न्या, नाहीतर पायथ्याच्या गावात जेवण सांगा.

खाली पडलेलं वाळकं लाकूड उचललं तर काय बिघडलं, असं पुष्कळांना वाटतं. कायद्याची बाजू सांगून झाली. माणसांची बाजूही आहे. गडाखालच्या वाड्यांमध्ये अजून कित्येक घरांची चूल सरपणावर चालते. गावातल्या बाया दोन-दोन तास डोंगर चढून मोळी आणतात. शनिवारी रात्री मौजेखातर पेटवलेल्या शेकोटीत त्यांच्या वाटेतलं जवळचं लाकूड संपतं आणि त्यांची चाल लांबते. म्हणून गावात मुक्काम असेल तर सरपण विकत घ्या. पैसे कमी लागतात, लाकूड नीट वाळलेलं मिळतं आणि ज्याचं त्याला मिळतं.

मग करवत लागते कुठे? स्वतःच्या किंवा मित्राच्या शेतावर तंबू ठोकताना. कृषी पर्यटन केंद्रात, मालकाच्या परवानगीने. कोकणातल्या आगरात, जिथे सुरू, काजू आणि गिरिपुष्पाच्या वाळक्या फांद्या ढिगाने पडलेल्या असतात. पावसाळ्यात गाडीने घाट उतरताना रस्त्यावर आडवी पडलेली फांदी बाजूला करायला. ताडपत्री ताणायला बांबूच्या चार काठ्या हव्या असतील तर. शिवाय घराच्या अंगणातली शेवग्याची किंवा जास्वंदीची फांदी छाटायला. वर्षातून एकदा होणाऱ्या सहलीसाठी घेतलेली करवत कितीही स्वस्त असली तरी महागच पडते. जी बाराही महिने हाताशी राहील तिच्यावर चार पैसे जास्त घालायला हरकत नाही.

स्वतःच्या जमिनीवरही एक मर्यादा ध्यानात ठेवा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली साग, खैर, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, ऐन अशी काही झाडं अनुसूचित आहेत आणि ती तोडायला खासगी मालकालाही परवानगी लागते. गोव्यात १९८४ चा स्वतंत्र वृक्षसंरक्षण कायदा आहे. वाळकी, गळून पडलेली फांदी कापणं वेगळं आणि उभ्या झाडाला हात घालणं वेगळं.

आता खुद्द करवतीकडे येऊ.

घडीच्या चांगल्या करवती जवळजवळ सगळ्या ओढताना कापणाऱ्या असतात. सुतार वापरतो ती आपली ओळखीची मोठी करवत पुढे ढकलताना कापते. ढकलताना पातं वाकू नये म्हणून ते जाड ठेवावं लागतं. जाड पातं म्हणजे रुंद चीर, आणि रुंद चीर म्हणजे जास्त लाकडाचा भुसा करायला लागणारी जास्त ताकद. ओढताना पातं ताणलं जातं, त्यामुळे पातळ असूनही सरळ राहतं. पातळ पात्याला चीर अरुंद पुरते, आणि त्याच फांदीला निम्म्या दमात काम होतं. जपानी करवतींची ख्याती याच तत्त्वावर उभी आहे. करवत ओढीची आहे की ढकलीची हे ओळखायला दात पाहा: दातांची टोकं मुठीकडे झुकलेली असतील तर ओढीची. काही करवती, उदाहरणार्थ स्वीडिश मूळच्या बाहको कंपनीची ‘लॅपलँडर’, दोन्ही दिशांना थोडंफार कापतात. तिचं पातं त्यासाठी जरा जाड ठेवलेलं असतं आणि नवख्या हातात ते वाकत नाही, हा तिचा मोठा गुण.

लांबीच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त चुकतात. खिशात मावेल म्हणून बारा-तेरा सेंटिमीटरचं पातं घेतात आणि मनगटाएवढ्या फांदीपाशी घाम गाळत बसतात. हिशेब असा आहे: पात्याच्या लांबीतून लाकडाची जाडी वजा केली की तेवढीच हालचाल तुमच्या हाताला मिळते. तेरा सेंटिमीटरचं पातं आठ सेंटिमीटरच्या लाकडात घातलं तर पुढे-मागे जायला जेमतेम पाच सेंटिमीटर उरतात. एवढ्या आखूड हालचालीत दातांमधल्या खाचांत भरलेला भुसा चिरेबाहेर पडत नाही, आतच दाबला जातो आणि करवत नुसती घासत राहते. पातं एकोणीस-वीस सेंटिमीटरचं असेल तर तेच लाकूड सहज तुटतं. पातं लाकडाच्या जाडीच्या दुप्पट तरी हवं. तंबूच्या कामासाठी अठरा ते एकवीस सेंटिमीटर ही लांबी मला सर्वांत योग्य वाटते. त्याहून लांब, चोवीस सेंटिमीटरच्या, घडीच्या करवतीही मिळतात. बागायतदाराला त्या शोभतात. पाठपिशवीत त्या अडचण करतात, गाडीच्या डिकीत नाही.

दात किती बारीक असावेत हे लाकडावर ठरतं. ओल्या, हिरव्या लाकडाचा भुसा ओलसर आणि जाड निघतो. त्याला मोठ्या खाचा लागतात, म्हणजे मोठे दात. वाळलेलं, कठीण लाकूड मोठ्या दातांना अडकवतं आणि हिसके बसतात; तिथे मध्यम दात बरे. बांबूला तर बारीकच दात हवेत, कारण मोठे दात बांबूच्या बाहेरच्या सालीचे तंतू उपसून काढतात आणि काठी चिरफाळते. सगळ्या कामांना मिळून एकच करवत घ्यायची असेल तर इंचाला सात-आठ दात हा मधला मार्ग. बाभळीच्या वाळक्या फांदीलाही तो चालतो आणि सुरूच्या फांदीलाही. दात मोजायला पट्टी पात्याला लावा आणि एका इंचातली टोकं मोजा. डब्यावरचा आकडा वाचताना जपा: सिल्कीसारखी जपानी कंपनी दात तीस मिलिमीटरमध्ये मोजते, त्यामुळे तिथला ‘दहा’ म्हणजे इंचाला साधारण साडेआठ.

दातांची टोकं निळसर-काळी दिसली तर समजा की ती विजेच्या उच्च वारंवारतेच्या झोताने क्षणभर तापवून कठीण केलेली आहेत. टोक कठीण आणि बाकीचं पातं लवचिक, अशी ती रचना असते. असे दात साध्या दातांपेक्षा कितीतरी जास्त दिवस तीक्ष्ण राहतात. पण त्यांना पुन्हा धार लावता येत नाही. कानस त्यांच्यावरून नुसती घसरते. ज्यांना कठीण केलेलं नाही त्या दातांना धार लावता येते खरी, पण जपानी पद्धतीच्या तीन बाजूंनी घासलेल्या दाताला पातळ, पानासारखी कानस लागते आणि आपल्याकडचे करवतीला धार लावणारे कारागीर तिकोनी कानशीवर काम करतात. तेव्हा व्यवहाराच्या दृष्टीने कठीण दातांची करवत घ्यावी आणि पातं बदलता येतं का हे आधी विचारून घ्यावं. सुटं पातं मिळत असेल तर मूठ कित्येक वर्षं चालते. मिळत नसेल तर दात गेल्या दिवशी सगळी करवत भंगारात. खरेदीच्या वेळी किंमत दोनशेने कमी दिसते ती पुष्कळदा याच जागी.

पोलादाविषयी डब्यावर बरंच काही लिहिलेलं असतं. ‘एसके ५’ हे जपानी मानकातलं, सुमारे ०.८ ते ०.९ टक्के कार्बन असलेलं पोलाद करवतीला चांगलं. ‘६५ एमएन’ हे मँगनीजचं चिनी पोलादही छाटणीच्या करवतींत सर्रास असतं आणि नीट पाणी दिलेलं असेल तर तेही उत्तम काम देतं. दोन्ही गंजतात. ‘स्टेनलेस’ म्हणून भुलू नका. करवतीत ते क्वचितच तेवढी धार धरतं. गंजाचा इलाज पुढे सांगतो.

सांधा ही दुसरी जागा, आणि माझ्या मते दातांइतकीच महत्त्वाची. घडीची करवत बिघडते ती नव्वद टक्के वेळा पात्यात नव्हे, मुठीच्या सांध्यात, असं छाटणीची कामं करणारे लोक सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. सगळा जोर त्या एका खिळ्यावर येतो. तो खिळा ठोकून बसवलेला असेल तर एकदा ढिला झाला की इलाज नाही. तिथे बोल्ट असेल, आणि तो पेचकसाने किंवा नाण्याने आवळता येत असेल, तर करवतीचं आयुष्य दुप्पट होतं. खटका पातं उघडं असतानाही अडकला पाहिजे आणि मिटलेलं असतानाही. उघड्या स्थितीत तो सुटला तर पातं बोटांवर मिटतं. हे बहुतेक वेळा पातं चिरेत अडकल्यावर, ते सोडवायला आपण जोराने पुढे ढकलतो तेव्हा घडतं. मिटलेल्या स्थितीत खटका नसेल तर करवत पिशवीत आपोआप अर्धी उघडते, मग स्लीपिंग बॅग फाटते, नाहीतर काहीतरी शोधताना हात. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या करवतींना गोल फिरणारी धातूची कडी असते. ती साधी आणि भरवशाची आहे. पण त्यांची मूठ लाकडाची, आणि आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगून सांधा घट्ट होतो, हे कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

मुठीबद्दल एवढंच सांगेन की ओल्या हाताने धरून पाहा. रबराचं आवरण हाताला सुखाचं असतं, पण हलक्या प्रतीचं रबर उन्हात बंद गाडीत पडून राहिलं की चिकट होतं आणि सुटू लागतं. खरखरीत प्लॅस्टिकची मूठ दिसायला साधी असते आणि जास्त टिकते. मूठ चार बोटांना पुरून थोडी उरावी. हातमोजा घातल्यावर बोट पात्याच्या बुडाशी जात असेल तर ती करवत तुमच्या हाताची नाही.

दुकानात संकोच करू नका. करवत उघडा, खटका लावा, पातं एका हाताने आणि मूठ दुसऱ्या हाताने धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचित लवचिकपणा पात्यात असतोच. सांध्यात खुळखुळ जाणवली तर ठेवून द्या. एक डोळा मिटून पात्याच्या कडेने पाहा, रेषा सरळ दिसली पाहिजे. दातांवरून नख अलगद फिरवा: घासून धार काढलेला दात नखाला चावतो, नुसता साच्यात छापून काढलेला दात गुळगुळीत लागतो. करवत मिटा आणि पाहा, दात पूर्ण मुठीत जातात का, की एखादं टोक बाहेर राहतं. घरून वाळकी काठी नेता आली तर न्या आणि दोन काप मारून पाहायची परवानगी मागा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. ज्याच्याकडे छाटणीचे मजूर अवजार घ्यायला येतात त्याला याची सवय असते.

नावांचा उल्लेख करायचा तर, आपल्याकडे लुधियानाच्या फाल्कनसारख्या कंपन्यांच्या छाटणीच्या करवती शेतीच्या दुकानांत सहज दिसतात आणि बहुतेकांचं काम तेवढ्यात भागतं. काही शे रुपयांत अशी करवत येते, बिघडली तर दुकान गावातच आहे. याच्या वरची पायरी म्हणजे बाहकोची लॅपलँडर: एकोणीस सेंटिमीटरचं पातं, इंचाला सात दात, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, खटका दोन्ही स्थितींत, पातं बदलता येणारं. जगभरातले जंगलात राहणारे आणि हिंडणारे लोक तिची शिफारस करतात ती योग्यच आहे. जपानची सिल्की ही त्याहून वरची. ह्योगो प्रांतातल्या ओनो या गावी १९१९ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याचं हे नाव, आणि तिची ‘गॉमबॉय’ हातात घेतली की करवत स्वतःच लाकडात उतरते असं वाटतं. पण तिचं पातं पातळ आहे. ते ढकलून वापरणाऱ्याच्या हातात वाकतं किंवा तुटतं. भारतात या दोन्हींची किंमत देशी करवतीच्या अनेक पट होते. वर्षातून चार-सहा वेळा शेतावर राहणाऱ्याला मी इतके पैसे घालायला सांगणार नाही. ज्याची स्वतःची बाग आहे, जो आठवड्याला छाटणी करतो, त्याने मात्र सिल्की जरूर घ्यावी.

युरोपात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे गणित वेगळं आहे. तिकडे लॅपलँडर साध्या बागकामाच्या दुकानात रास्त दरात मिळते, तेव्हा तिच्याहून स्वस्त शोधत बसण्यात अर्थ नाही. अमेरिकेत आणखी एक पथ्य: ॲश बोअररसारखी कीड लाकडातून पसरते म्हणून अनेक राज्यांत सरपण एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला निर्बंध आहेत. जिथे पेटवायचं तिथलंच लाकूड घ्या. आणि मायदेशी येताना करवत आणणार असाल तर ती विमानात सोबत न्यायच्या पिशवीत घेऊन चालणार नाही, सामानात द्यावी लागते.

पर्यायांबद्दल दोन शब्द. तारेची करवत, म्हणजे दोन कड्यांमधली वेटोळी तार, वजनाला हलकी म्हणून लोक घेतात. ती तापते, तुटते आणि जाड लाकडात जीव काढते. घेऊ नका. खिशातल्या व्हिक्टोरिनॉक्स चाकूची छोटी करवत बोटाएवढ्या काटकीला फार छान, त्यापुढे नाही. म्यानातली, न मिटणारी छाटणीची करवत हा मात्र खरोखर चांगला पर्याय आहे. तिला सांधाच नसतो, त्यामुळे बिघडायला काही नसतं, आणि त्याच पैशात पातं चांगलं मिळतं. गाडीतून जाणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा. कोयता आपल्या ओळखीचा, आणि बारीक काटक्या तोडायला त्याच्याइतकं जलद काही नाही. पण कोयता चालवायला सराव लागतो. अंधारात, दमलेल्या हातात, आजूबाजूला मुलं बागडत असताना मी करवतच हातात देईन. ती घसरली तर ओरखडा देते, कोयता हाड गाठतो.

आता वापर. पहिला काप मुठीजवळच्या दातांनी, सावकाश, फक्त स्वतःकडे ओढत घ्या. चीर पडली की मग पूर्ण पातं वापरा. दाब देऊ नका. ओढताना करवतीच्या वजनाएवढाच भार, परत नेताना तोही नको. घाम फुटेपर्यंत दाबणारा माणूस करवत वाकवतो. लांब, संथ ओढ घेणारा त्याच्या आधी संपवतो. दुसरा हात कापाच्या जागेपासून वीतभर लांब आणि त्यात चामडी हातमोजा. पहिल्या दोन-तीन ओढींतच करवत उसळून बोटावर येते, हातमोजा त्यासाठी.

करवत अडकते ती लाकडाच्या ताणामुळे. फांदी दोन्ही टोकांना टेकलेली असेल तर कापताना मधला भाग खाली झुकतो, वरची बाजू आवळते आणि पात्याला चिमटा बसतो. अशा वेळी वरून एक तृतीयांश कापा आणि बाकीचं खालून वर. फांदी एकाच टोकाला टेकलेली आणि दुसरं टोक अधांतरी असेल तर उलट: आधी खालून थोडी चीर, मग वरून. झाडावरची फांदी छाटताना तीन काप घ्यावेत: बुंध्यापासून वीतभर अंतरावर खालून एक, त्याच्या थोडं पुढे वरून दुसरा म्हणजे फांदी सुटते, आणि शेवटी उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगवट्याबाहेर तिसऱ्याने. हे न करता एकाच कापात फांदी पाडली तर ती जाताना खोडाची साल सोलत नेते आणि त्या जखमेतून कीड शिरते. डोक्यावरची फांदी कधीच कापू नये. बाजूला उभं राहूनच ती तोडावी.

लाकूड मुळात कमी कापा. चुलीला मनगटाएवढं लाकूड पुरतं. त्याहून जाड ओंडका कापण्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा गावात तीन दगडांच्या चुलीला करतात तसं करा: ओंडका लांबच ठेवा, टोक विस्तवात घाला आणि जळत जाईल तसा आत सरकवा. करवतीचे कितीतरी काप वाचतात आणि विस्तव कमी-जास्त करणंही सोपं जातं. सकाळी निघताना राख पाण्याने पूर्ण विझवून हाताला गार लागते का ते पाहायचं, हे सांगायला नकोच.

घरी आल्यावर दोन मिनिटं द्या. कोरडी ताठर घासणी किंवा दात घासायचा जुना ब्रश घेऊन दातांमधला भुसा काढा. फणसाचा किंवा आंब्याचा चीक चिकटला असेल तर रॉकेलच्या बोळ्याने तो निघतो. मग पातं कोरडं करून शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवा आणि एक थेंब सांध्यात सोडा. खोबरेल तेलही चालतं, पण ते चोवीस अंशांच्या खाली थिजतं आणि डोंगरातल्या थंडीत सांधा जड करतं. जून ते सप्टेंबर करवत न वापरताही गंजते, समुद्राजवळ तर नक्कीच. तेव्हा ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बोल्ट ढिला होतोच, मोसमाच्या सुरुवातीला आवळा. एक सूचना डाळिंबाच्या भागातल्या वाचकांना: तेल्या रोग छाटणीच्या अवजारांतून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. बागेतली करवत सहलीला नेली किंवा दुसऱ्याच्या बागेत वापरली, तर परत आपल्या झाडाला लावण्याआधी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्या, आणि मग पुसून तेल लावा, कारण हे द्रावण पोलादाला फार लवकर गंजवतं.

पातं संपलं हे भुशावरून कळतं. धार असेपर्यंत बारीक पण कणीदार, कुरळा भुसा पडतो. धार गेली की पिठासारखी पूड पडू लागते, चीर एका बाजूला वळते आणि लाकडाला जळका वास येतो. तेव्हा जास्त जोर लावत बसू नका, नवं पातं बसवा. जुनं पातं तसंच कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. आपल्या गावांत आणि शहरांत कचरा अजून माणसं हाताने निवडतात. दातांवर पुठ्ठा दुमडून त्याला चिकटपट्टी गच्च गुंडाळा, वर ‘पातं आहे’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि भंगारवाल्याच्या हातात द्या.